चार जोडप्यांची वरात

गोजरआत्याचा आवाज स्नेहलनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती लहान होती, बांधावर इरल्याखाली बसलेली. लावणी चालली होती. बायकांच्या वाकलेल्या पाठींची रांग, पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि रांगेच्या कडेनं निघालेला तो आवाज. फार गोड नव्हता. विहिरीत सोडलेल्या घागरीसारखा आधी खाली खाली जायचा, तिथं भरायचा, आणि मग डुचमळत वर यायचा. आत्या ओळ टाकायची, बाकीच्या उचलायच्या. ओळ संपली की प्रत्येकीच्या हातातली रोपांची मूठही चिखलात रोवून झालेली असायची. कुणी थकलं तर आत्या ओवीत तिचं नाव गुंफायची, आणि ती बाई हसत हसत पुन्हा वाकायची.

मग एका वर्षी शेजारच्या घरी हळद निघाली. आत्या जात्याशी बसून गात होती. नवरीची मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "टाकलेलीनं हळदीला गाऊ नये गो. गोजर, तू आपली मागं भांडी बघ."

आत्या उठली. पदर खोचला. भांडी घासली, पालथी घातली, भावाच्या घरी परतली. त्या वर्षापासून लावणीतही घागर विहिरीत उतरली नाही. धसईच्या वरची ती सगळी वाडी सिद्धगडाच्या सावलीत मुकाट्यानं भात लावत राहिली.

ती गायली ती थेट यंदा भादव्यात, आणि तेही वायरींसाठी.

स्नेहल मुरबाडच्या प्रशिक्षण केंद्रात कॉम्प्युटर दुरुस्ती आणि नेटवर्किंग शिकत होती. सकाळी धसईहून एसटी धरायची, संध्याकाळी परत. वर्गात मुलगी म्हणून ती एकटीच. मशीन उघडणं, पंख्यातली धूळ काढणं, मेमरीची पट्टी काढून पुन्हा बसवणं हे तिच्या हाताला पटकन आलं. चुलीपुढं वाढलेल्या हाताला कुठं चटका आहे आणि कुठं नाही हे सांगावं लागत नाही. पण केबलीनं तिचा जीव खाल्ला. एका केबलीत आठ तारा. केशरी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीच्या जोडीला त्याच रंगाच्या पट्ट्याची एक पांढरी. त्या ठरल्या क्रमानं प्लगात बसवायच्या आणि क्रिम्परच्या पकडीनं दाबायच्या. क्रम चुकला की सगळं वाया. ती ओटीवर बसून तुकडे सोलायची, रचायची, चुकायची.

"काय गो, दातकोरनी करतेस का?" एकदा आत्यानं विचारलं.

स्नेहलनं सांगितलं. आत्या उकिडवी बसली. तिनं एक तुकडा हातात घेऊन पीळ उलगडला. एकमेकींत गुंतलेल्या दोन दोन तारा पाहून तिचा चेहराच बदलला.

"ही तर जोडपी हायेत."

"हो."

"पांढऱ्या मुंडाशाचा तो नवरा. नि भरल्या रंगाच्या लुगड्याची ती नवरी. चार जोडपी. वरातच हाय की ही! सांग बघू, कोन म्होरं नि कोन मागं?"

स्नेहलनं वहीत बघून क्रम सांगितला. आत्या ओठातल्या ओठात काही जुळवत राहिली, मधेच मान हलवून मोडत राहिली. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता तिनं अचानक ओळ टाकली, आणि स्नेहलच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

पांढऱ्या फेट्याचा केशरी चाले म्होरं,
केशरी लुगड्याची गो चाले त्याच्या माघारं.
हिरव्या शेल्यावाला, हिरवी त्याच्या पाठी,
निळ्याच्या पदराला गो निळीच्या गाठी.
मातीच्या रंगाचं जोडपं सर्वां शेवटाला,
वरात निघाली गो माझ्या लेकीच्या वाटेला.

आवाज तोच होता. थोडा गंजला होता, पण घागर तीच. लक्ष्मीनं, स्नेहलच्या आईनं, चुलीकडून मान वळवून पाहिलं आणि लाकूड आत सारलं.

त्या दिवसापासून स्नेहलनं वहीत पाहिलं नाही. ओवी म्हणावी, तारा रचाव्या, दाबावं. टेस्टरला लावलं की एकामागून एक आठही दिवे हिरवे. केंद्रातल्या हातभर केबलीवर मशीन मशीनशी बोलायला लागली. तिचा जोडीदार धम्मपाल, सरळगावचा पोरगा, तिला चिडवायचा, "काढ गो वरात! नवरदेव खोळंबलेत!" पण मनातून त्यालाही तिच्या हाताचा वेग ठाऊक होता. शिडीवर चढणं, भिंतीला भोक पाडणं त्याचं, प्लग दाबणं तिचं, अशी त्यांची वाटणी ठरून गेली.

*

यंदा परतीच्या पावसानं घात केला. भात सोनेरी झालं होतं, लोंब्या वाकल्या होत्या, विळ्यांना धार लावून झाली होती. तेवढ्यात तो आला आणि दिवसामागून दिवस पडत राहिला. उभं पीक आडवं झालं. पाणी ओसरलं तेव्हा लोंब्या चिखलाला चिकटलेल्या, आणि काही दाण्यांना कोंब फुटलेले. खाचराजवळ गेलं की आंबूस वास यायचा. आडवं भात कापायला दुप्पट कष्ट. एका हातानं चिखलातून उचलायचं, दुसऱ्यानं तोडायचं. मजूर मिळेनात. जो तो आपल्याच आडव्या भाताशी झुंजत होता.

त्यात जयरामचा, स्नेहलच्या बापाचा, विळा घसरला. डावा तळवा अंगठ्यापासून फाटला. हळद भरून फडकं बांधलं होतं, ते सतत ओलं. तरी तो एका हातानं कापत होता. उजव्या हातात विळा, डाव्या कोपरानं भात दाबून धरायचा. दर दोन पावलांवर थांबायचा. कुणी बघतंय का ते पाहायचा. बघणारं कुणी दिसलं की पुन्हा वाकायचा.

"पोरगी घरात आसती तर आज वरलं खाचर झालं आसतं," तो लक्ष्मीला म्हणायचा, पण स्नेहलला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

लग्नाचं बोलणं पावसाच्या आधीच झालं होतं. किन्हवलीकडच्या भगीरथनं आपल्या पुतण्यासाठी स्नेहलला मागणी घातली होती. मुलगा मुरबाडच्या एमआयडीसीत होता, निर्व्यसनी होता, घर पक्कं होतं. स्नेहल म्हणाली होती, परीक्षा होऊ दे. पास होणाऱ्याला मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या शाळांची मशीन सांभाळायला वर्षभर उमेदवारीवर घेणार होते, आणि तिला तेच हवं होतं. जयरामनं खाली बघतच शब्द दिला.

"पास झालीस तर वरीसभर मी गप. कोनी इचारलं तरी गप. नाय झालीस तर इळा हातात घ्यायचा नि भगीरथला हो म्हनायचं. मंग रडायचं नाय."

"नाय रडनार."

परीक्षा नेमकी कापणीत आली. किन्हवलीच्या पुढं एक आश्रमशाळा होती. तिथल्या कार्यालयापासून कॉम्प्युटरच्या खोलीपर्यंत लाइन टाकायची आणि सगळी मशीन एकत्र चालवून दाखवायची, हे काम स्नेहल आणि धम्मपालच्या वाट्याला आलं. लांबचं अंतर होतं. कार्यालय, मग स्वयंपाकघराची पडवी, मग मुलींच्या झोपण्याच्या खोल्या, मग कोपरा वळून कॉम्प्युटरची खोली. धम्मपालनं शिडीवर चढून वाशांच्या कडेनं केबल नेली. दोन्ही टोकांचे प्लग स्नेहलनं दाबले. दाबताना ओठ हलत होते. टेस्टर लावला. आठ दिवे.

"झाली वरात!" धम्मपाल शिडीवरून ओरडला. खिडकीच्या गजांना धरून उभ्या असलेल्या शाळेतल्या मुली खिदळल्या.

परीक्षक बाहेरून आलेले होते. पांढऱ्या भुवया, हातात छत्री, बोलणं मोजकं. केंद्राचे रविंद्र सर त्यांच्या मागं हात बांधून उभे होते. परीक्षेच्या वेळी शिकवणाऱ्यानं तोंड उघडायचं नसतं.

मशीन सुरू झाली. पडद्यावर शाळेचं पान उघडू लागलं, अर्ध्यावर आलं आणि थांबलं. दुसरं मशीन जोडलं गेलं, तुटलं, पुन्हा जोडलं गेलं. तिसऱ्यावर नुसतं चाक फिरत राहिलं.

"बंद करून चालू करा," परीक्षक म्हणाले.

केलं. तेच.

स्नेहलनं सगळ्या केबली जोडणारी स्विचची पेटी बदलली. धम्मपाल शिडीवर चढून केबल कुठं दबली आहे का ते हातानं चाचपत गेला. कुठं दबली नव्हती. पुन्हा टेस्टर. एक, दोन, तीन, आठही हिरवे. खोटं बोलणाऱ्या माणसासारखे ते दिवे तिच्याकडे बघत होते.

"दिवे तर लागतात सर," ती म्हणाली. आवाज नको तेवढा बारीक आला.

"मुलांना दिवे दाखवायचेत का?" परीक्षकांनी विचारलं.

दारात उभे असलेले मुख्याध्यापक हसले. "आमच्याकडं मागं एक आले होते, तेही असंच. जाऊ द्या. पोरगी आहे, एवढं केलं तेच पुष्कळ."

'पोरगी आहे' हे ऐकून स्नेहलच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिनं रविंद्र सरांकडे पाहिलं. सर टेबलावर पडलेल्या तिच्या प्लगाकडे बघत होते. एकदा त्यांचे ओठ हलल्यासारखे झाले. मग त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"मला उद्या पलीकडच्या शाळेत जायचंय," परीक्षक छत्री उचलत म्हणाले. "दुपारी याच वाटेनं परत येईन. तोवर सापडलं तर सापडलं."

*

घरी पोचली तेव्हा जयराम पडवीत बसून दातांनी फडक्याची गाठ सोडवत होता. तिनं सोडवायला हात पुढं केला तर त्यानं हात मागं घेतला.

"काय झालं?"

"झालं नाय अजून. उद्या दुपारी परत बघनार हायेत."

"म्हंजे नाय झालं."

"बा, उद्यापर्यंत..."

"उद्या सांजच्याला भगीरथ येतोय. सकाळी खालचं खाचर कापायचं हाय. त्यातलं निम्मं उगवलंय. तू, तुझी आये नि गोजर. मी हायेच एका हाताचा." त्यानं नवं फडकं गुंडाळलं. "शब्द दोन्ही अंगानं आसतो, पोरी. मी माझा पाळतोय."

त्यात चूक काढायला जागा नव्हती. तेच तिला जास्त लागलं.

सकाळी धुकं सिद्धगडाच्या कमरेला बांधलेलं होतं. खाचरातलं पाणी थंड होतं, पायाची बोटं आखडत होती. लक्ष्मी एका अंगाला, जयराम पलीकडे, आणि स्नेहल व आत्या एका पाथीला, कापणीच्या एकाच पट्ट्याला. मूठ उचलायची, चिखल झटकायचा, विळा ओढायचा, कडपं बांधावर ठेवायचं. मूठ, झटका, विळा, बांध. हात चालत होते. डोकं पडवीच्या वाशांवरून केबलीबरोबर सरपटत होतं. कुठं? कुठं अडलं?

तिच्या ओठांतून ओवी सुटली. लक्षात येण्याआधीच. हिरव्या शेल्यावाला, हिरवी त्याच्या पाठी...

शेजारी आत्याचा विळा थांबला.

"त्याच ओवीनं केलंस का गो तिथं?"

"तिनंच करते. नेहमी."

"नि चाललं नाय?"

"हातभर केबलीवर चालतं. इथं लांब आहे, तर तुटतं. दिवे लागतात पण तुटतं. काय चुकलं तेच कळत नाय आत्ये."

आत्यानं कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. तिच्या गुडघ्यापर्यंत चिखलाची साल चढली होती. ती स्नेहलकडे नाही तर हातातल्या मुठीकडे बघत होती. कोंब फुटलेले दाणे तिनं नखानं खुडले.

"तू पैल्यांदा मला सांगितलंस ना गो, ते असं नव्हतं."

"काय असं नव्हतं?"

"वरात. तू वहीतनं वाचलंस तवा हिरवा म्होरं व्हता, पन हिरवी त्याच्या पाठी नव्हती. त्यांच्या दोघांच्या मधी तू निळं जोडपं घातलं व्हतंस. नि त्या जोडप्यातही निळी म्होरं नि निळा मागं. म्हनलं, अशी कुठं वरात आसती का? बाप्याच्या म्होरं बाई, नि नवरानवरीच्या मधी दुसरंच जोडपं." ती थांबली. "मी सरळ केली."

स्नेहलचा विळा चिखलात पडला.

"आत्ये!"

"ओवी लागत नव्हती गो. नि लागली आसती तरी..." आत्यानं मूठ बांधावर ठेवली, पण नेहमीसारखी फेकली नाही, ठेवली. "जोडी मोडलेली ओवी तुझ्या तोंडी नको वाटली मला. लगनाची पोर. मी म्हनायची नि तू म्हनायचीस. आधीच घरात एक हाय म्हनतात."

स्नेहलला वर्गातला फळा आठवला. रविंद्र सर खडूनं पीळ काढत होते. दोन तारा एकमेकींना पिळून का असतात? एकीचा गोंगाट दुसरीनं खावा म्हणून. ज्या दोघी मिळून काम करतात त्या पिळातल्याच हव्यात. तीन आणि सहा. तीन नंबर आणि सहा नंबरची जागा हिरव्या जोडीची. एक अलीकडं, एक पलीकडं, मधे निळी जोडी. लांब उभ्या राहिल्या तरी काम त्या दोघींनीच करायचं. आणि तिनं सहाव्या जागेवर भलत्याच जोडीतली निळी उभी केली होती. टेस्टरला काय, तार इथून तिथं पोचली की दिवा.

तिनं चिखलाचे हात पाण्यात बुचकळले.

"मी जाते."

"आता?"

"दुपारच्या आत पोचलं पायजे."

पलीकडून जयरामची मान वर आली. "काय चाललंय तिकडं? पाथ अर्ध्यावर सोडलीस ती?"

"बा, मला सापडलंय. चुकी सापडलीय. मी येते करून."

"स्नेहल! निम्मं भात चिखलात हाय!"

तिचे पाय बांधावर चढले होते आणि तिथंच रुतल्यासारखे झाले. लक्ष्मी वाकलेलीच होती, वर बघत नव्हती. आत्या पुढं आली, स्नेहलचा पडलेला विळा तिनं चिखलातून काढला, पदरानं पुसला, आणि आपल्या कमरेला दुसऱ्या बाजूनं खोचला.

"तिची पाथ मी घेते," ती जयरामला म्हणाली. "तू आपला हात बघ. फडक्यातून रगत येतंय."

*

धसईहून मुरबाडला जीप मिळाली. मुरबाडहून किन्हवलीकडं जाणारी एसटी नुकतीच सुटलेली. ती नाक्यावर उभी राहिली. पायांवरचा चिखल वाळून तडकत होता. फोन केल्यावर धम्मपाल मोटरसायकल घेऊन आला आणि तिच्या पायांकडे पाहून म्हणाला, "लावणी करून आलीस का गो?"

"कापणी. चल. वरातच उलटी काढली आपन."

शाळेत पोचल्यावर तिनं दोन्ही टोकांचे प्लग कापून टाकले. साल सोलली. पीळ उलगडले. केशरी जोडी. मग पांढऱ्या शेल्याचा हिरवा. मग हिरवीवर तिचं नख आलं आणि अडखळलं. इतके दिवस बोटांना लागलेली सवय हिरवीला ओढून हिरव्याशेजारी आणत होती. तिनं ती बाजूला वाकवली. निळी पुढं. निळा तिच्या मागं. मग हिरवी, एकटी, सहाव्या जागी. मग मातीच्या रंगाचं जोडपं. तारा सरळ धरल्या, कापून एका रांगेत आणल्या, प्लगात सारल्या. क्रिम्पर दाबला तेव्हा हाताला कट् असं लागलं. मग धावत दुसऱ्या टोकाला.

परीक्षक आले तेव्हा खोलीत शाळेतल्या मुली दाटीवाटीनं उभ्या होत्या. एक मशीन लागलं, दुसरं लागलं. सगळी लागली. शाळेचं पान उघडलं आणि उघडंच राहिलं. परीक्षकांनी एका मुलीला खुर्चीवर बसवून चित्र उघडायला सांगितलं. मोराचं चित्र वरपासून खालपर्यंत भरभर उतरलं आणि मुलींनी एकच गलका केला. परीक्षक खुर्ची ओढून बराच वेळ बसून राहिले. पान तुटतं का ते बघत. तुटलं नाही.

"काल काय चुकलं होतं?"

"हिरवी जोडी शेजारी शेजारी बसवली होती सर. तिच्यात निळीला घुसवलं नव्हतं. म्हणून तीन आणि सहावर वेगवेगळ्या जोडीतल्या तारा आल्या."

"असं शिकवलं कुणी?" त्यांनी रविंद्र सरांकडे बघत विचारलं.

"कुणी नाय. माझ्याच डोक्यात तसं बसलं."

परीक्षकांनी तिच्या पायांवरच्या चिखलाकडे पाहिलं, आणि कागदावर सही केली. बाहेर पडवीत रविंद्र सर म्हणाले, "काल तोंड दाबून उभं राहणं मला जमत नव्हतं गं. पास आहेस. सोमवारपासून शहापूरच्या बाजूच्या शाळा बघायच्यात. येशील ना?"

"येनार सर," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला खालच्या खाचराची आठवण झाली.

*

ऊन कलतं होतं. घरामागच्या शेणानं सारवलेल्या खळ्यावर आत्या आणि लक्ष्मी आधी कापून सुकवलेलं भात झोडत होत्या. पेंढी उचलायची, दगडावर आपटायची. धप्. दाणे उडायचे. जयराम कडेला एका हातानं पेंढा सारखा करत होता, आणि त्याच्याशेजारी भगीरथ उभा होता. खळ्यावर, पायात बूट घालून.

खळ्यावर चपलेनंही कुणी चढत नसे. लक्ष्मीची नजर पुन्हा पुन्हा त्या बुटांकडे जात होती. जयरामनं एकदा पाहिलं, आणि पेंढ्याकडे बघू लागला.

"या या," भगीरथ स्नेहलला म्हणाला. माणूस वाईट नव्हता. हसरा होता. "वायरीवाली आली आमची."

"बा, पास झाले."

आत्याची पेंढी हवेतच थांबली. लक्ष्मीनं तोंडाला पदर लावला.

जयराम हसला. खरं हसला, क्षणभर. मग त्याचं तोंड पुन्हा मिटलं.

"पास झाली म्हनतेय," तो भगीरथला म्हणाला. "मी तिला सबूद दिलाय, वरीसभर..."

"अहो, पास झाली तर चांगलंच की. पन वरीसभर शहापूर, मुरबाड, या शाळेतून त्या शाळेत, पोरांच्या मोटरसायकलींवर? आज आली ना, आमच्या गावच्या मानसानं बघितली." भगीरथनं आवाज खाली घेतला, पण खळं काही मोठं नव्हतं. "जयरामभाऊ, राग मानू नका. तुमच्याच घरातलं उदाहरन हाय. बाईच्या तोंडाला नि पायाला लगाम नाय ऱ्हायला की नवरा टाकतो. आमी तरी पोरीला मागतोय. उद्या कोन मागंल? पुतन्याला मार्गशीर्षात बघायला दुसरीकडनं बोलावनं हाय. मला आज शब्द पायजे."

जखमी हात दुसऱ्या हातात धरून जयराम स्नेहलकडे बघत राहिला. त्या नजरेत राग नव्हता. भीती होती, आणि ती रागापेक्षा वाईट होती. स्नेहलला कळलं, तो शब्द मोडणार.

"पोरी," तो म्हणाला, "मी सबूद दिला व्हता, खरा हाय. पन भगीरथ म्हनतो त्यातही... या घरात एक टाकलेली हाय गो. लोक तेच धरून बोलतात. दुसरी झाली तर मी कुठं बघू? तू एवढं..."

"पाय काढ," आत्या म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"खळ्यावरनं पाय काढ, भगीरथ. बूट हायेत."

भगीरथ ओशाळून दोन पावलं मागं सरला, खळ्याच्या बाहेर. आत्यानं हातातली पेंढी दगडावर आपटली नाही. खाली ठेवली. तिच्या केसांत भाताचं कुसळ अडकलं होतं. ती जयरामच्या समोर येऊन उभी राहिली. आवाज उंच नव्हता. तो आधी खाली गेला, स्नेहलला ऐकू आलं, कुठंतरी खोल जाऊन भरला.

"मला कोनी टाकली नव्हती, जयराम."

"आत्ये..." स्नेहल म्हणाली.

"मीच सोडून आले. तो मारत नव्हता. दारू पीत नव्हता. झोडनीच चालली व्हती, अशीच. मी पेंढी खाली ठेवली नि चालू लागले. मला तिथं ऱ्हायचं नव्हतं, बस. दारात आले तर आपला बा म्हनला, टाकली म्हन. टाकलेलीची लोक कीव करतील. सोडून आलेलीच्या भावाला पोरगी कोन देनार? तू मिसरूड फुटलेला व्हतास. या लक्ष्मीच्या घरी तुझं बोलनं चाललं व्हतं."

लक्ष्मीच्या हातून पेंढी सुटली. जयरामच्या फडक्यावरचा लाल डाग हळूहळू पसरत होता.

"तुझ्या लगनापायी मी आजवर गप बसले," गोजरआत्या म्हणाली. "हिच्या लगनापायी नाय बसायची."